आर्किया, दृश्यकेंद्रकी आणि जीवाणू: कोण कुणापासून झालं?

प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा आहे. तो थोडक्यात असा: "आर्किया आणि दृश्यकेंद्रकी जीव जीवाणूंपासून उत्क्रांत झाले, असं एका पुस्तकात वाचलं. दुसऱ्या पुस्तकात सजीवांच्या तीन स्वतंत्र शाखा दाखवल्या आहेत. आमचे सर म्हणतात, आता दोनच शाखा मानतात. नक्की काय धरायचं?"

आधी थेट उत्तर देते. आर्किया म्हणजे जीवाणूंसारखेच केंद्रक नसलेले, पण वेगळ्या घडणीचे सूक्ष्मजीव. ते जीवाणूंपासून झाले, असं आज हाती असलेल्या पुराव्यावरून म्हणता येत नाही. आर्किया आणि जीवाणू या एकाच प्राचीन पूर्वजाच्या दोन शाखा आहेत आणि दोघी सारख्याच जुन्या आहेत. दृश्यकेंद्रकींची, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या आपल्यासारख्या जीवांची, गोष्ट वेगळी. त्यांची मूळ पेशी आर्कियांच्या शाखेतून आली आणि तिच्यात एक जीवाणू कायमचा राहायला आला, तोच आजची तंतुकणिका (मायटोकाँड्रिया), पेशीला ऊर्जा पुरवणारी. त्यामुळे 'जीवाणूंपासून' हा शब्द आर्कियांना लागू होत नाही आणि आपल्याला अर्धाच लागू होतो. तुमच्या सरांचं 'दोनच' हे मलाही पटतं. ते का, हे सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल.

पहिल्यांदा त्या पूर्वजाबद्दल. त्याला ल्यूका म्हणतात, म्हणजे आज जिवंत असलेल्या सगळ्यांचा शेवटचा सामाईक पूर्वज. तो काहीतरी अर्धवट, साधासुधा थेंब असणार, असा आपला समज असतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो समज बराच हलवला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे ल्यूका सुमारे ४.२ अब्ज वर्षांपूर्वी होता आणि त्याच्याकडे साधारण २,६०० प्रथिनं बनवण्याइतकी जनुकं होती. आजच्या एखाद्या मध्यम आकाराच्या जीवाणूइतकीच ही संख्या आहे. विषाणूंपासून बचाव करणारी यंत्रणाही त्याच्याकडे असावी. केंद्रक नसलेली, चांगली सक्षम पेशी होती ती. सूक्ष्मदर्शकाखाली आपण तिला बिनदिक्कत 'जीवाणू' म्हटलं असतं. बऱ्याच पुस्तकांतला घोटाळा इथूनच सुरू होतो. केंद्रक नसलेलं दिसलं की जीवाणू, अशी सवय लागलेली असते. पण वंशावळीत जीवाणू ही एक ठराविक शाखा आहे. तिच्यातल्या सगळ्यांची रायबोसोमची (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची) घडण, डीएनएची प्रत काढणारी विकरं (एन्झाइम) आणि पेशीपटलाचं रसायन एका धाटणीचं आहे. ल्यूका त्या फाट्याच्या आधीचा.

हा फाटा लक्षात आला १९७०च्या दशकात, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना इथे. कार्ल वूस तिथे रायबोसोममधल्या १६एस आरएनएवर काम करत होते. पूर्ण क्रम वाचण्याची सोय तेव्हा नव्हती. ते जीवाणूला किरणोत्सारी फॉस्फरस खायला घालत, आरएनए वेगळा काढत, एका विकराने प्रत्येक 'जी' या अक्षरापाशी त्याचे तुकडे करत आणि ते तुकडे विद्युतभाराच्या साहाय्याने पसरून एक्स-रे फिल्मवर त्यांचे ठिपके उमटवत. मग फिल्म प्रकाशपेटीवर ठेवून दिवसच्या दिवस ठिपके वाचायचे. शेजारच्याच प्रयोगशाळेत राल्फ वुल्फ मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे संवर्ध वाढवत. त्यांचा आरएनए वूसनी तपासला, तेव्हा प्रत्येक जीवाणूत हमखास दिसणारे तुकडे त्यात नव्हते आणि कधीच न पाहिलेले तुकडे होते. वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. अनेक मान्यवर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी तेव्हा ते धुडकावलं. जर्मनीतले ओटो कांडलर मात्र लगेच पुढे आले, कारण मिथेनजनकांच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन, म्हणजे जीवाणूंच्या भिंतीचा मुख्य पदार्थ, नाही, हे त्यांना स्वतंत्रपणे दिसलेलं होतं. १९९० मध्ये वूस, कांडलर आणि व्हीलिस यांनी जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी अशी तीन अधिक्षेत्रं मांडली. तुमच्या दुसऱ्या पुस्तकातला वृक्ष तो हा.

आर्किया जीवाणूंपेक्षा किती वेगळे, हे कागदावर वाचून पटत नाही, हाताळून पटतं. मी खाऱ्या पाण्यातल्या आर्कियांवर काम करते. मिठागराच्या पाण्याचा नमुना २० ते २५ टक्के मीठ घातलेल्या माध्यमावर पसरला आणि धीर धरला, की नारिंगी-लाल वसाहती उगवतात. त्या माध्यमात आम्ही अँपिसिलिन घालतो. हे प्रतिजैविक पेप्टिडोग्लायकनची बांधणी अडवतं, त्यामुळे मीठ सहन करणारे जीवाणू मागे पडतात. आर्कियांना काहीच होत नाही, कारण त्यांच्याकडे पेप्टिडोग्लायकन नाहीच. त्यांच्या पेशीभोवती शर्करा जोडलेल्या प्रथिनांचं आवरण असतं. ते मिठाच्या आधारावरच टिकतं. अशी वसाहत उचलून काचपट्टीवर साध्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबात मिसळली, तर पेशी बघता बघता फुटतात आणि थेंब चिकट, तार धरणारा होतो. तो चिकटपणा बाहेर पडलेल्या डीएनएचा. नव्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करायला लावते. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, ते आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि तो रंग याच गटातल्या, म्हणजे हॅलोआर्कियांच्या रंगद्रव्याचा निघाला.

भित्तिका ही वरवरची गोष्ट झाली. आत गेलं की फरक अधिक खोल आहेत. घटसर्पाचं उदाहरण घ्या. घटसर्पाच्या जीवाणूचं विष आपल्या पेशीतल्या ईएफ-२ या प्रथिनाला निकामी करतं आणि प्रथिननिर्मिती थांबते. तेच विष आर्कियांच्या ईएफ-२ लाही लागू पडतं, कारण दोघांत डिफ्थामाइड नावाचा एकच खास बदल केलेला अमिनो आम्लाचा अवशेष आहे. जीवाणूंच्या त्याच कामाच्या प्रथिनात तो नाही, म्हणून विष बनवणारा जीवाणू स्वतः सुखरूप राहतो. आरएनए बनवणारं विकरही असंच. आर्कियांचं विकर आपल्या केंद्रकातल्या विकरासारखं पुष्कळ घटकांचं असतं आणि सुरुवात करायला त्याला तशीच मदतनीस प्रथिनं लागतात. अनेक आर्किया आपल्यासारखाच डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळतात. डीएनएची प्रत काढणारं मुख्य विकर तर जीवाणूंमध्ये आणि आर्कियांमध्ये एकाच कुळातलंही नाही.

सगळ्यात मोठी दरी पेशीपटलात आहे, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. जीवाणूंचं पटल मेदाम्लांचं; ती ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेली असतात. आर्कियांचं पटल आयसोप्रीनच्या साखळ्यांचं. त्या ईथर बंधाने जोडलेल्या असतात. त्याहून विशेष म्हणजे पाठकणाच्या ग्लिसरॉल फॉस्फेटची दिशा दोघांत उलटी आहे, उजव्या आणि डाव्या हातासारखी. ही दोन रूपं बनवणारी विकरं एकमेकांची नातलग नाहीत. म्हणजे एकात थोडा बदल होऊन दुसरं झालं, असं इथे म्हणता येत नाही.

आता मूळ कुठे धरायचं? सगळ्या सजीवांचा वृक्ष काढला, की बाहेरचा कुणी तुलनेला उरत नाही, त्यामुळे मूळ ठरवणं अवघड होतं. १९८९ मध्ये जपानमधल्या इवाबे आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे गोगार्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, यावर सुंदर तोड काढली. काही जनुकांच्या दोन प्रती ल्यूकाच्या आधीच झालेल्या आहेत, उदाहरणार्थ एटीपी बनवणाऱ्या यंत्रणेचे दोन उपघटक, किंवा प्रथिननिर्मितीतले दोन वाहक घटक. अशी जोडी प्रत्येक सजीवात असते. मग जोडीतल्या एका जनुकाचा वृक्ष काढताना दुसरं जनुक बाहेरचा साक्षीदार म्हणून वापरता येतं. उत्तर असं आलं की पहिला फाटा जीवाणू एका बाजूला आणि आर्किया व दृश्यकेंद्रकी दुसऱ्या बाजूला असा पडतो. वेगाने बदलणाऱ्या शाखा अशा विश्लेषणात फसवतात, हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर बरीच वर्षं वाद झाला. तरी वर सांगितलेले रासायनिक फरक याच फाट्याशी जुळतात, म्हणून मी हे मूळ मानते.

तुमच्या पहिल्या पुस्तकातली कल्पना मात्र आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे गंभीर माणसं आहेत आणि त्यांचा युक्तिवाद समजून घेतल्याशिवाय ती नाकारू नये. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले राधे गुप्ता यांनी १९९० च्या दशकात प्रथिनांमध्ये भर पडलेल्या छोट्या तुकड्यांकडे लक्ष वेधलं. ग्रॅमच्या रंगचाचणीवरून जीवाणूंचे ग्रॅम-धन (एका पटलाचे) आणि ग्रॅम-ऋण (दोन पटलांचे) असे गट पाडतात. एचएसपी-७० या प्रथिनात ग्रॅम-ऋण जीवाणूंमध्ये वीस-पंचवीस अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा आहे. तो ग्रॅम-धन जीवाणूंत नाही आणि आर्कियांतही नाही. ग्रॅम-धन आणि आर्किया दोघंही एकाच पटलाचे. मग गुप्तांनी मांडलं की आर्किया ग्रॅम-धन जीवाणूंपासूनच झाले, आणि ग्रॅम-धन जीवाणू जी प्रतिजैविकं बनवतात, त्यांच्या माऱ्यातून वाचताना त्यांचं रायबोसोम, विकरं, पटल सगळं बदलत गेलं. मला हा विचार आवडतो, कारण तो बदलाला कारण देतो. पण एचएसपी-७० हा पुरावा टिकत नाही. खूप उष्ण पाण्यात राहणाऱ्या कित्येक आर्कियांकडे हे प्रथिनच नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांना ते जीवाणूंकडून आडव्या देवाणघेवाणीत मिळालं, असं मानणं जास्त सरळ आहे. उसन्या घेतलेल्या जनुकावरून घराण्याचं मूळ ठरवता येत नाही.

दुसरे टॉम कॅव्हेलियर-स्मिथ. ऑक्सफर्डचे हे विद्वान २०२१ मध्ये गेले. पेशीच्या रचनेचं त्यांचं ज्ञान अफाट होतं. त्यांच्या मते एका जीवाणूने पेप्टिडोग्लायकनची भिंत टाकून दिली आणि शर्करायुक्त प्रथिनांचं आवरण घेतलं. या नव्या भिंतीवरून त्यांनी आर्किया व दृश्यकेंद्रकी मिळून होणाऱ्या गटाला 'निओम्युरा' हे नाव दिलं. पूर्वज म्हणून ते आधी अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया या जीवाणूंच्या गटाकडे बोट दाखवत. त्यांचा एक आधार प्रोटीअसोम हा होता. नको असलेली प्रथिनं चिरणारी ही पिंपाच्या आकाराची यंत्रणा आपल्यात आहे, आर्कियांत आहे आणि जीवाणूंमध्ये मुख्यतः अ‍ॅक्टिनोबॅक्टेरियांत आहे. क्षयरोगाच्या जीवाणूतही ती आहे. पुढे २०२० मध्ये त्यांनी स्वतःच मत बदललं आणि प्लँक्टोबॅक्टेरिया या दुसऱ्या गटाला पूर्वज मानलं.

या सिद्धांताची मुख्य अडचण काळाची आहे. निओम्युरांचा जन्म त्यांनी सुरुवातीला सुमारे ८५ कोटी वर्षांपूर्वी धरला होता; पुढे तो आकडा त्यांनी मागे नेला. पण खडक त्याहूनही मागचं सांगतात. कॅनडाच्या उत्तरेकडच्या सॉमरसेट बेटावरचं बँगिओमॉर्फा हे लाल शैवाल सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचं आहे, आणि लाल शैवाल म्हणजे पूर्ण विकसित दृश्यकेंद्रकी. आपल्याकडचा दाखला तर आणखी जुना. चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांतल्या फॉस्फेटमध्ये स्टीफन बेंग्टसन आणि सहकाऱ्यांना लाल शैवालासारखे दिसणारे तंतू सापडले आणि २०१७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. वय सुमारे १.६ अब्ज वर्षं. त्यातल्या एकाला राफातास्मिया चित्रकूटेन्सिस असं नाव आहे. ते रफत जमाल आझमी या भारतीय भूशास्त्रज्ञावरून दिलेलं आहे. आझमींनी १९९८ मध्ये याच खडकांतले जीवाश्म जाहीर केले, तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली होती. ते खडक कँब्रियन काळाइतके अलीकडचे आहेत, हे आझमींचं म्हणणं चुकीचं ठरलं. जीवाश्म मात्र खरे निघाले. हे तंतू लाल शैवालाचेच आहेत का, यावर मतभेद आहेत. पण दृश्यकेंद्रकी तेव्हा होते, हे चीन आणि ऑस्ट्रेलियातले जवळपास त्याच काळातले सूक्ष्मजीवाश्मही सांगतात.

दुसरी अडचण किमतीची. हा सिद्धांत मानायचा तर एका जीवाणूवंशाने डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा, पटलाचं रसायन आणि ग्लिसरॉलची दिशा हे सगळं थोड्या काळात बदललं, असं मानावं लागतं. यातला एकेक बदल कल्पनेत बसवता येतो. सगळे एकाच वंशात, मधली एकही पायरी मागे न ठेवता झाले, हे मला पटत नाही. प्रोटीअसोमचं म्हणाल, तर तो अ‍ॅक्टिनोबॅक्टेरियांकडे आर्कियांकडून गेला असणं सहज शक्य आहे.

आता दृश्यकेंद्रकींकडे. तीन शाखांच्या चित्राला पहिला धक्का कॅलिफोर्नियातल्या जेम्स लेक यांनी १९८४ मध्ये दिला. रायबोसोमच्या आकारावरून त्यांनी मांडलं की दृश्यकेंद्रकी हे आर्कियांच्या शेजारी नसून त्यांच्या पोटातून निघालेले आहेत. १९९२ मध्ये रिवेरा आणि लेक यांनी आणखी एक बारीक पुरावा दिला. ईएफ-१ अल्फा या प्रथिनात दृश्यकेंद्रकींमध्ये ११ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे, आणि तसाच तो आर्कियांच्या एकाच गटात सापडतो. बाकीच्यांत तिथे छोटासा दुवा आहे. बरीच वर्षं या मताकडे कुणी फारसं पाहिलं नाही. २००८ नंतर संगणकी पद्धती सुधारल्या, वेगवान शाखांची फसवणूक कमी झाली आणि विश्लेषणं लेक यांच्या बाजूने झुकू लागली.

मग लोकी आला. नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रतळावर 'लोकीचा किल्ला' नावाची उष्णजल-विवरं आहेत. त्यांच्याजवळच्या, तीन हजार मीटरहून खोल गाळातला डीएनए उप्सालाच्या थाइस एटेमा यांच्या गटाने वाचला. पेशी हाती नव्हती, फक्त गाळातला डीएनए होता. त्यातून जुळवलेल्या आर्कियाच्या जनुकसंचात २०१५ मध्ये पेशीला आकार देणारं अ‍ॅक्टिन हे प्रथिन दिसलं, पटल चिमटून तोडणाऱ्या यंत्रणेची प्रथिनं दिसली, पेशीतली वाहतूक चालवणारी छोटी जीटीपीएझ प्रथिनं मोठ्या संख्येने दिसली. हे सगळं तोवर फक्त आपलं समजलं जायचं. पुढे थोर, ओडिन, हाइमडाल असे नातलग सापडले आणि या सगळ्यांना मिळून अ‍ॅसगार्ड आर्किया म्हणू लागले. २०२३ मधल्या मोठ्या विश्लेषणात दृश्यकेंद्रकी हाइमडालच्या गटाच्या आतच बसले.

शंका घेणारे म्हणाले, गाळात सगळ्यांचा डीएनए मिसळलेला असतो, हे मिश्रण असेल. शंका रास्त होती. तिचं उत्तर जपानमधून आलं, आणि सूक्ष्मजीवशास्त्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते काम वाचावं असं मला मनापासून वाटतं. २००६ मध्ये शिनकाई ६५०० या पाणबुडीने नानकाई खंदकाजवळ २,५३३ मीटर खोलीवरचा गाळ आणला. हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी तो एका रिअ‍ॅक्टरमध्ये ठेवला. ही रचना मुळात सांडपाणी शुद्धीकरणासाठी तयार झालेली आहे: आत स्पंजचे तुकडे लटकतात आणि वरून पाणी झिरपत राहतं. त्यातून मिथेन सोडत तो २,००० हून अधिक दिवस चालवला, मग नमुने छोट्या नळ्यांत नेले. गाळ आणल्यापासून सोबत्यासह वाढणाऱ्या स्थिर संवर्धापर्यंत बारा वर्षं गेली. हा आर्किया दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस घेतो. ई. कोलायला वीस मिनिटं पुरतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचं वजन कळेल. नळी गढूळही होत नाही, त्यामुळे वाढ झाली की नाही हे डीएनए मोजूनच कळतं.

त्याला प्रोमेथिओआर्कियम सिंट्रोफिकम हे नाव मिळालं. पेशी जेमतेम ५५० नॅनोमीटरची, आतून रिकामी, कुठलंही अंगक नाही. बाहेर मात्र लांब, फाटे फुटलेले हात. तो अमिनो आम्लं खातो आणि हायड्रोजन सोडतो. तो हायड्रोजन कुणी उचलला नाही, तर त्याची वाढ थांबते. म्हणून तो एकटा जगत नाही. शेजारी मिथेन बनवणारा आर्किया किंवा सल्फेट वापरणारा जीवाणू लागतो. जनुकसंच पूर्ण वाचला गेला आणि अ‍ॅक्टिनसकट सगळी 'आपली' प्रथिनं त्याचीच निघाली. भेसळीचा आक्षेप तिथे संपला. २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या क्रिस्टा श्लेपर यांच्या गटाने स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरच्या गाळातून दुसरा लोकी वाढवला. त्याच्या हातांच्या आत अ‍ॅक्टिनचे तंतू असल्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं.

म्हणून तीन की दोन, या वादात मी दोनच्या बाजूने आहे. दृश्यकेंद्रकी आर्कियांच्या आतून निघाले असतील, तर आर्कियांच्या शेजारी तिसरी मूळ शाखा म्हणून त्यांना उभं करता येत नाही. परीक्षेत तीन अधिक्षेत्रं विचारली तर जरूर लिहा, वर्गीकरणाची ती चौकट अजून वापरात आहे. फक्त वंशावळ काढायला सांगितली, तर दृश्यकेंद्रकींची रेघ अ‍ॅसगार्डमधून काढा आणि तंतुकणिकेसाठी जीवाणूंकडून दुसरी रेघ आणून तिला जोडा.

ही दुसरी रेघ म्हणजे तुमच्या प्रश्नातला जीवाणू. तंतुकणिका आणि हरितलवक (वनस्पतींच्या पेशीत प्रकाशातून अन्न बनवणारं अंगक) मुळात स्वतंत्र जीवाणू होते, हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ठामपणे मांडलं. रशियातले मेरेश्कोव्हस्की हरितलवकांबद्दल हेच १९०५ मध्ये म्हणाले होते. आज याबद्दल वाद उरलेला नाही. तंतुकणिका अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जीवाणूंच्या गटाची किंवा त्यांच्या अगदी निकटच्या नातलगाची आहे. मला यातला सगळ्यात बोलका पुरावा रेक्लिनोमोनास अमेरिकाना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवाचा वाटतो. आपल्या तंतुकणिकेत ३७ जनुकं उरली आहेत. याच्या तंतुकणिकेत ९७ आहेत, आणि त्यांत जीवाणूंच्या धाटणीचं, अनेक घटकांचं आरएनए पॉलिमरेझही आहे. आपल्या तंतुकणिकेने ते विकर कधीच टाकलं आणि जीवाणूभक्षी विषाणूंच्या विकरासारखं दुसरं घेतलं. इथे जुनं अजून शाबूत आहे.

दवाखान्यातही हा वारसा दिसतो. लिनेझोलिड हे प्रतिजैविक जीवाणूंचं रायबोसोम अडवतं, पण दीर्घकाळ घेतलं तर तंतुकणिकेचंही अडवतं, आणि मग रक्तपेशी कमी होतात किंवा रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं. काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या १२एस आरएनएमध्ये १५५५ व्या जागी 'ए' च्या ठिकाणी 'जी' असतो. या एका अक्षराने तो भाग जीवाणूंच्या आरएनएसारखा होतो, आणि स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन दिल्यावर अशा माणसाला कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. घरात औषधाने बहिरेपणा आलेलं कुणी असेल, तर ही इंजेक्शनं घेण्याआधी डॉक्टरांना अवश्य सांगावं.

तंतुकणिकेशिवायचे दृश्यकेंद्रकी आहेत का? एके काळी जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसारखे जीव तसे समजले जात, तंतुकणिका येण्याच्या आधीचे अवशेष म्हणून. पुढे त्यांच्यात तिचे आक्रसलेले अवशेष सापडले. मोनोसर्कोमोनॉइडिस या जीवात खरोखर काहीच नाही, हे २०१६ मध्ये कळलं, पण त्याच्या नातलगांकडे आहे, म्हणजे याने ती गमावली. आज जिवंत असलेल्या सगळ्या दृश्यकेंद्रकींच्या शेवटच्या सामाईक पूर्वजाकडे तंतुकणिका होती.

जनुकांचा हिशेब मांडला तर चित्र आणखी रंजक होतं. यीस्टच्या ज्या जनुकांना जीवाणू किंवा आर्कियांमध्ये नातलग सापडतात, त्यांतली साधारण तीन चतुर्थांश जीवाणूंच्या जवळची आहेत. आर्कियांकडून आलेली कमी, पण माहिती सांभाळणारी तीच: डीएनएची प्रत, आरएनए, रायबोसोम. चयापचय बव्हंशी जीवाणूंचा. हा सगळा जीवाणूंचा वाटा एकट्या तंतुकणिकेच्या पूर्वजाने दिला असं नाही. वेगवेगळ्या जीवाणूंची जनुकं त्यात आहेत. म्हणजे संख्येने पाहिलं तर आपण जास्त जीवाणू आहोत आणि मूळ पेशीच्या वंशाने पाहिलं तर आर्किया. तुमच्या पहिल्या पुस्तकाच्या विधानात खरं सापडतं ते इथे.

दोघं एकत्र आले कसे? विल्यम मार्टिन आणि मिक्लोश म्यूलर यांनी १९९८ मध्ये मांडलं की जीवाणू हायड्रोजन सोडत होता आणि आर्किया तो वापरत होता. गरजेपोटी जवळीक वाढली. जपानी संवर्ध सांगतो की अ‍ॅसगार्डच हायड्रोजन सोडणारा असावा, म्हणजे देणारा आणि घेणारा उलटे. पण एकमेकांच्या अन्नावर जगण्याची मूळ कल्पना त्यामुळे भक्कमच झाली. इमाचींच्या मते ते लांब हात शेजाऱ्याभोवती गुंतत गेले आणि शेवटी तो आत आला. दुसरा पक्ष म्हणतो, आधी गिळण्याची क्षमता आली असेल. पलाऊच्या समुद्रातला एक प्लँक्टोमायसीट जीवाणू इतर जीवाणूंना अक्षरशः गिळतो, हे २०१९ मध्ये दिसलं. त्यामुळे केंद्रक नसलेल्या पेशीला गिळता येत नाही, असं आता म्हणता येत नाही. माझा कल इमाचींकडे आहे, कारण ज्या आर्कियाला आपण आज प्रत्यक्ष पाहतो, तो गिळत नाही, हात पसरतो.

एक कोडं मात्र जागच्या जागी आहे: पटलाचं. मूळ पेशी आर्कियाची, तर आपलं पटल आर्कियांसारखं हवं होतं. ते आहे जीवाणूंसारखं: मेदाम्लं, एस्टर बंध, ग्लिसरॉलची जीवाणूंची दिशा. म्हणजे आत आलेल्या जीवाणूच्या जनुकांनी हळूहळू घराच्या भिंतीच बदलल्या असं मानावं लागतं. दोन्ही प्रकारचे मेद एका पटलात आले तर पेशी मरेल, असा आक्षेप बरीच वर्षं घेतला जायचा. नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ई. कोलायमध्ये आर्कियांच्या मेदाची जनुकं घातली. त्याच्या पटलात ३० टक्क्यांपर्यंत आर्कियांचे मेद आले आणि ते पेशीला मानवले. मिश्र पटल जगू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. पण तो प्रयोग जीवाणूपासून आर्कियाकडे जाणारा होता. दृश्यकेंद्रकींच्या पूर्वजाला उलट दिशेने जावं लागलं, आणि तेही अर्ध्यावर न थांबता शेवटपर्यंत.